नफ्यापलीकडचे तीन प्रश्न

(पैसा कोठे गुंतवावा हे ठरवताना बहुतेक लोक 'नफा किती?' एवढाच प्रश्न विचारतात. पण नफा कोठून येतो, कोणाच्या जिवावर येतो आणि तो खरा आहे का, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. ते का, हे या पाठात सोप्या उदाहरणांनी सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, एक साधा हिशेब करू या. समजा, तुमच्या अब्बांनी पोटाला चिमटा घेऊन पन्नास हजार रुपये साठवले आहेत. गावात रंगाईचे दोन कारखाने आहेत. दोन्ही मालकांना भांडवल हवे आहे. पहिला म्हणतो, "शंभर रुपयांमागे वर्षाला वीस रुपये नफा देईन." दुसरा म्हणतो, "मला बारा रुपयेच देता येतील." पैसे कोणाला द्यावेत?

हा प्रश्न मी एकदा नववीच्या वर्गात विचारला. "पहिल्याला!" सारा वर्ग एका सुरात ओरडला. मग मी थोडी आणखी माहिती दिली. पहिला मालक रंगाचे घाण पाणी तसेच नाल्यात सोडतो. त्याच्याकडे बारा-तेरा वर्षांची मुले रात्री काम करतात. हिशेबाची वही तो भागीदारांना कधीच दाखवत नाही. दुसरा मालक पाणी स्वच्छ करूनच बाहेर सोडतो. त्याच्याकडे मोठी माणसे कामाला आहेत आणि वही सर्वांसाठी उघडी असते.

वर्ग क्षणभर शांत झाला. एक मुलगा म्हणाला, "पण सर, नफा तो नफाच ना?" तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "सर, तो वही दाखवतच नाही, तर नफा वीस रुपये आहे हे तरी कशावरून?"

त्या मुलीने नकळत आजच्या शेअरबाजारातला एक मोठा विषय एका वाक्यात सांगितला. आपल्या गावच्या कारखान्याला जे प्रश्न विचारायचे, तेच आज जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना विचारले जातात. पहिला प्रश्न पर्यावरणाचा : ही कंपनी हवा, पाणी, जमीन आणि जंगल यांच्याशी कशी वागते? दुसरा समाजाचा : ती कामगारांशी, ग्राहकांशी आणि शेजारच्या लोकांशी कशी वागते? तिसरा कारभाराचा : तिचे निर्णय कोण घेते आणि तिचे हिशेब खरे असतात का?

आधी शेअर म्हणजे काय ते समजून घेऊ. मोठा कारखाना उभारण्यासाठी लागणारा पैसा एका माणसाजवळ नसतो. म्हणून कंपनी आपल्या मालकीचे लहान लहान भाग करते आणि ते लोकांना विकते. त्या एका भागाला शेअर म्हणतात. शेअर घेणारा माणूस कंपनीचा छोटासा मालकच होतो. असे शेअर जेथे विकले व विकत घेतले जातात, तो शेअरबाजार. मुंबईचा शेअरबाजार १८७५ साली सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, "आमच्या घरी तर कोणी शेअर घेत नाही. मग आम्हांला याचे काय?" पण जरा विचार करा. घरात कोणाची आयुर्विम्याची पॉलिसी आहे का? कोणाच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापले जातात का? आयुर्विमा महामंडळ लोकांच्या पैशांतून शेअर विकत घेते. भविष्य निर्वाह निधीचाही थोडा भाग २०१५ पासून शेअरबाजारात जाऊ लागला. म्हणजे आपल्याला ठाऊक नसतानाही आपला पैसा कोणत्या ना कोणत्या कंपनीत काम करत असतो. तेव्हा ती कंपनी कशी आहे, हे पाहणे आपलेही काम आहे.

आता एकेका प्रश्नाकडे वळू.

पहिला प्रश्न पर्यावरणाचा. ओडिशा राज्यात कालाहांडी आणि रायगडा या जिल्ह्यांत नियमगिरी नावाचे डोंगर आहेत. तेथे डोंगरिया कोंध हे आदिवासी राहतात. या डोंगराला ते आपला देव, आपला राजा मानतात. डोंगरावरून वाहणाऱ्या झऱ्यांवर त्यांची शेती आणि त्यांचे जीवन अवलंबून आहे. याच डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट हे खनिज आहे. त्यापासून ॲल्युमिनिअम तयार होते. वेदांता या कंपनीने डोंगराच्या पायथ्याशी लांजिगड येथे ॲल्युमिनाचा मोठा कारखाना उभारला. वरच्या खाणीतून बॉक्साइट मिळेल, असा कंपनीचा हिशेब होता. पण खाणीला अंतिम परवानगी मिळालेली नव्हती.

आदिवासींनी खाणीला विरोध केला. डोंगर खणला तर झरे आटतील, जंगल जाईल आणि आपले पवित्र स्थान नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ही गोष्ट दूर युरोपपर्यंत पोहोचली. नॉर्वे या देशाने समुद्रातील तेलापासून मिळालेला पैसा पुढच्या पिढ्यांसाठी एका मोठ्या निधीत ठेवला आहे. हा निधी जगभरच्या कंपन्यांचे शेअर घेतो. कोणत्या कंपन्यांत पैसा ठेवणे योग्य नाही, याचा सल्ला देण्यासाठी २००४ पासून तेथे एक नीतिमंडळ आहे. या मंडळाच्या सल्ल्यावरून नॉर्वेने २००७ साली वेदांता कंपनीला आपल्या निधीतून वगळले. पर्यावरणाची हानी आणि मानवी हक्कांचा भंग ही कारणे त्यांनी दिली. २०१० च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या चर्चनेही आपल्याजवळचे या कंपनीचे शेअर विकून टाकले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला जंगलाची जमीन देण्यास नकार दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले, की याबाबत ग्रामसभांनी विचार करून निर्णय घ्यावा. बारा गावांत ग्रामसभा झाल्या. बाराही ग्रामसभांनी खाण नको असे सांगितले. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायाही या सभांमध्ये उभ्या राहून बोलल्या. इकडे लांजिगडच्या कारखान्याला बॉक्साइट पुरेना. २०१२ च्या डिसेंबरमध्ये तो बंद पडला आणि काही महिने बंदच राहिला. ज्यांनी केवळ नफ्याचा आकडा पाहून पैसे घातले होते, त्यांना डोंगर आणि माणसे हिशेबात धरली नव्हती ही चूक उशिरा कळली.

दुसरा प्रश्न समाजाचा. आपल्या शेजारच्या बांगलादेशात कपडे शिवण्याचा उद्योग फार मोठा आहे. तेथे शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत विकले जातात. राजधानी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तीत शिलाईचे अनेक कारखाने होते. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीच्या भिंतींना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरील बँकेने आपल्या माणसांना घरी पाठवले. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर बोलावण्यात आले. न गेल्यास पगार कापला जाईल, या भीतीने ते गेले. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसे मरण पावली. त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. हजारो लोक जखमी झाले. कित्येकांचे हातपाय कायमचे गेले.

ढिगाऱ्यात प्रसिद्ध कंपन्यांच्या नावाच्या पट्ट्या लावलेले कपडे सापडले. त्या कंपन्या म्हणत, "कारखाना आमचा नाही. आम्ही फक्त माल घेतो." पण जगाने हे उत्तर मान्य केले नाही. स्वस्त सदरा हवा म्हणून कोणाचा जीव जावा का, असा प्रश्न ग्राहकांनी विचारला. अनेक गुंतवणूकदार संस्थांनीही कंपन्यांना पत्रे लिहिली. त्याच वर्षी मे महिन्यात आग व इमारत यांच्या सुरक्षिततेसाठी एक करार झाला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. कारखान्यांची तपासणी बाहेरच्या अभियंत्यांकडून करावी, तिचा अहवाल सर्वांपुढे ठेवावा आणि दुरुस्ती करून घ्यावी, असे त्यात ठरले. शेकडो कारखान्यांत नवे जिने, नवे दरवाजे आणि आगीची सूचना देणाऱ्या घंटा आल्या. हे काम आधी झाले असते, तर!

तिसरा प्रश्न कारभाराचा. आता आपण पुन्हा भारतात येऊ. हैदराबादची सत्यम ही संगणक क्षेत्रातील देशातली एक मोठी कंपनी होती. पन्नास हजारांहून अधिक तरुण तेथे काम करत. २००८ साली तर तिला उत्तम कारभाराबद्दल एक पुरस्कारही मिळाला होता. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कंपनीने जाहीर केले, की आपण बांधकाम व जमिनीच्या धंद्यातील दोन कंपन्या विकत घेणार आहोत. त्या दोन्ही कंपन्या सत्यमच्या अध्यक्षांच्याच कुटुंबाशी संबंधित होत्या. त्यांचे नाव होते मेटास. इंग्रजीतील सत्यम हा शब्द उलटा लिहिला की मेटास होतो!

गुंतवणूकदारांनी विचारले, "संगणकाचे काम करणाऱ्या कंपनीने आपला पैसा अध्यक्षांच्या घरच्या धंद्यात का घालावा?" प्रश्न सरळ होता. त्याला सरळ उत्तर नव्हते. काही तासांतच हा बेत सोडून द्यावा लागला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की कंपनीचे हिशेब अनेक वर्षे खोटे लिहिले गेले होते. वह्यांत दाखवलेली सुमारे पाच हजार कोटी रुपयांची रक्कम प्रत्यक्षात नव्हतीच. आपली अवस्था वाघावर बसलेल्या माणसासारखी झाली होती, खाली उतरावे तर वाघ खाईल, असे त्यांनी त्या पत्रात लिहिले. त्या एका दिवसात सत्यमच्या शेअरचा भाव सुमारे एकशे ऐंशी रुपयांवरून चाळीस रुपयांवर आला. आयुर्विमा महामंडळाजवळही सत्यमचे शेअर होते. म्हणजे हैदराबादेतील खोट्या वहीचा फटका कधीही शेअरबाजारात न गेलेल्या पॉलिसीधारकांच्या पैशालाही बसला. सरकारने नवे संचालक नेमले आणि काही महिन्यांत दुसऱ्या कंपनीने सत्यम विकत घेतली. २०१५ साली न्यायालयाने राजू व इतरांना सात वर्षांची शिक्षा सुनावली.

मित्रांनो, या तीन हकिकतींत एक गोष्ट समान आहे. नियमगिरीचे झरे, सावरच्या भिंतीचे तडे आणि सत्यमची वही यांपैकी काहीही नफ्याच्या आकड्यात दिसत नव्हते. पण एक दिवस त्या सर्वांची किंमत द्यावी लागली. आणि ती फक्त मालकांनी दिली नाही. कामगारांनी दिली, गावकऱ्यांनी दिली आणि ज्यांचा पैसा होता त्यांनीही दिली.

पैसा लावताना नीती पाहावी, हा विचार नवा नाही. गुलामांच्या व्यापारातून पैसा मिळवू नये, असे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकेतील लोकांनी १७५८ सालीच ठरवले होते. व्याज, मद्य आणि जुगार यांच्या कमाईपासून दूर राहावे, ही शिकवण आपण घरात लहानपणापासून ऐकतो. मात्र पर्यावरण, समाज आणि कारभार ही तीन नावे एकत्र जोडून वापरण्याची पद्धत २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालापासून रूढ झाली. २००६ साली संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात जबाबदार गुंतवणुकीची सहा तत्त्वे जाहीर झाली. पुढे हजारो गुंतवणूकदार संस्थांनी ती मान्य केली.

या संस्था प्रत्यक्षात काय करतात? त्यांचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग टाळण्याचा. काही संस्था तंबाखू, कोळसा किंवा शस्त्रे यांच्या कंपन्यांत पैसाच घालत नाहीत. दुसरा मार्ग तुलनेचा. एकाच धंद्यातील दोन कंपन्यांपैकी जी पाणी कमी वापरते, जिच्याकडे अपघात कमी होतात, जिचे हिशेब स्वच्छ आहेत, तिला त्या अधिक पसंती देतात. तिसरा मार्ग बोलण्याचा. शेअर न विकता त्या कंपनीच्या सभेत प्रश्न विचारतात आणि चुकीच्या ठरावाविरुद्ध मत देतात. तिसरा मार्ग कष्टाचा आहे, पण पुष्कळदा तोच उपयोगी पडतो. कारण आपण शेअर विकून निघून गेलो, तर ते दुसरा कोणी घेतो आणि कंपनी तशीच चालू राहते.

प्रश्न विचारायचे तर माहिती हवी. भारतात शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेने २०१२ पासून मोठ्या शंभर कंपन्यांना याबाबत अहवाल देण्यास सांगितले. २०२२-२३ या वर्षापासून मोठ्या एक हजार कंपन्यांना अधिक सविस्तर अहवाल देणे बंधनकारक झाले. कंपनीने किती वीज व पाणी वापरले, किती धूर व कचरा बाहेर टाकला, किती कामगार जखमी झाले, किती स्त्रिया कामावर आहेत, किती तक्रारी आल्या, हे त्यात लिहावे लागते. पूर्वी जी माहिती कारखान्याच्या भिंतीआड राहत असे, ती आता कोणालाही वाचता येते.

पण येथे एक सावधगिरी हवी. चांगले नाव लावले म्हणजे वस्तू चांगली होत नाही. सत्यमला पुरस्कार मिळाला होता, हे आपण पाहिलेच. काही कंपन्या जाहिरातीत हिरवी पाने काढतात आणि मागच्या दाराने धूर सोडतात. लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या संस्थाही यात मागे नाहीत. जर्मनीच्या एका मोठ्या बँकेशी संबंधित गुंतवणूक संस्थेने आपण पर्यावरण आणि समाज यांचा जेवढा विचार करतो असे सांगितले, तेवढा ती करत नव्हती. म्हणून २०२३ साली अमेरिकेच्या शेअरबाजार नियंत्रकांनी तिला १ कोटी ९० लाख डॉलर दंड केला. कंपन्यांना गुण देणाऱ्या संस्थांचेही आपसांत एकमत नसते. एकीने ज्या कंपनीला चांगले गुण दिले, तिलाच दुसरी कमी गुण देते. म्हणून गुणपत्रिका जरूर वाचावी, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चांगल्या कंपनीत पैसा घातला म्हणजे नफा नेहमी जास्तच मिळतो असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी नोकरांचा मोठा निवृत्तिवेतन निधी आहे. त्याने २००० साली तंबाखू कंपन्यांचे शेअर विकायचे ठरवले. पुढच्या काळात त्या शेअरचे भाव चढले. हा निर्णय घेतला नसता तर ३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली असती, असा अंदाज पुढे काढण्यात आला. २०१६ साली निधीच्या मंडळापुढे प्रश्न आला : तंबाखूचे शेअर पुन्हा घ्यावेत का? मंडळाने नकार दिला. काही लोकांना हा निर्णय पटला नाही. निवृत्त माणसांच्या पैशावर मंडळाने आपली मते का लादावीत, असे ते म्हणाले. या म्हणण्यातही तथ्य आहे. म्हणूनच ज्याचा पैसा आहे, त्याला पैसा कोठे जातो हे स्पष्ट सांगितले पाहिजे. निर्णय त्याने डोळे उघडे ठेवून घ्यावा.

त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा मी वर्गाला पुन्हा विचारले, "आता सांगा, पैसे कोणत्या कारखान्याला द्याल?" बहुतेकांनी दुसऱ्या कारखान्यासाठी हात वर केले. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने मात्र हात वर केला नाही. मी कारण विचारले. ती म्हणाली, "सर, दुसऱ्याची वही उघडी आहे असे तुम्ही सांगितले. पण मी ती अजून वाचलेली नाही."

मुलांनो, उद्या तुम्ही कमवाल, बचत कराल. कोणी तुम्हांला मोठ्या नफ्याचा आकडा दाखवील. तेव्हा तो आकडा जरूर पाहा. मग नाल्याचे पाणी कोठे जाते, काम कोण करते आणि वही कोठे आहे, हे विचारा. आणि वही मिळाली, की ती स्वतः वाचा.

शब्दार्थ
गुंतवणूक – नफ्यासाठी धंद्यात लावलेला पैसा, सरमायाकारी
भांडवल – धंदा सुरू करण्यासाठी लागणारी रक्कम, सरमाया
पोटाला चिमटा घेणे – (वाक्प्रचार) गरजा कमी करून पैसे वाचवणे
पायथा – डोंगराचा खालचा भाग
वगळणे – बाजूला काढणे, न घेणे
तडा – भेग, दरार
कबुली – केलेली चूक मान्य करणे, इकरार
बंधनकारक – केलेच पाहिजे असे, लाजमी
डोळे मिटून विश्वास ठेवणे – (वाक्प्रचार) विचार न करता विश्वास ठेवणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेअर म्हणजे काय?
(आ) नियमगिरीच्या किती ग्रामसभांनी खाणीला नकार दिला?
(इ) राणा प्लाझा ही इमारत कोठे होती?
२. कारणे लिहा.
(अ) तडे दिसूनही शिलाई कामगार दुसऱ्या दिवशी कामावर गेले.
(आ) कॅलिफोर्नियाच्या निधीचा निर्णय काही लोकांना पटला नाही.
३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सत्यम कंपनीला गुंतवणूकदारांनी कोणता प्रश्न विचारला? त्यानंतर काय घडले?
(आ) गुंतवणूकदार संस्थांचे तीन मार्ग कोणते?
४. मागच्या बाकावरच्या मुलीने शेवटी हात का वर केला नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
५. उपक्रम : तुमच्या वस्तीतील एखाद्या दुकानाची किंवा कारखान्याची माहिती मिळवा. पाठातील तीन प्रश्नांची उत्तरे शोधून वर्गात सांगा.